तासगावच्या पॅकहाऊसमध्ये नियम कोण बदलणार?

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाऊसचं हे प्रकरण आहे. बागायतदार तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ या भागातले. हंगाम जानेवारी ते एप्रिल. माल बराचसा युरोपला जातो, काही आखाताकडे, राहिलेला देशातल्या बाजारात. बागांची नोंद, फवारणीची डायरी, लॅबचे रिपोर्ट, पॅकिंग आणि कंटेनर हे सगळं एका वेब प्रणालीत होतं. ती जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कवर लिहिलेली होती आणि बरी चालत होती. आम्ही सांगलीत विश्रामबागेत बसून हेच काम करतो, म्हणून मालकांनी आम्हाला बोलावलं.

त्यांचं मागणं एका वाक्याचं होतं. "दरवर्षी हंगामाच्या तोंडावर आमचे नियम बदलतात, आणि दरवर्षी आम्ही डेव्हलपर शोधत फिरतो. नियम आमचे आहेत, ते आमच्या मॅडमना बदलता आले पाहिजेत." मॅडम म्हणजे तिथल्या क्वालिटी बघणाऱ्या. कृषी पदवीधर, रिपोर्ट वाचण्यात पक्क्या, प्रोग्रामिंगशी संबंध नाही.

असं मागणं आलं की दोन वाटा समोर येतात. एक म्हणजे काही ठरावीक आकडे सेटिंगच्या पानावर आणून ठेवायचे आणि मोकळं व्हायचं. दुसरी म्हणजे वापरणाऱ्यालाच नियम आणि कामाची वाट दोन्ही रचता येतील असं इंजिन फ्रेमवर्कच्या आत बांधायचं. पहिली वाट स्वस्त आहे आणि बऱ्याच ठिकाणी तीच बरोबर असते. इथे ती का पुरली नाही, हे समजायला द्राक्षाच्या नियमांचा स्वभाव बघावा लागतो.

नियम कसे बदलतात

2010 साली भारतातून गेलेल्या द्राक्षात युरोपात क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. आपल्याकडे बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात, वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला ते वापरतात. मालात हे रसायन किती उरलेलं चालेल याची युरोपची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम होती. आपल्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं, त्यामुळे रिपोर्ट स्वच्छ आले आणि कंटेनर तिकडे अडकले. त्या हंगामाची झळ तासगाव-मिरज भागाला चांगलीच बसली. इंजिन बांधणाऱ्याने यातून घ्यायची गोष्ट ठळक आहे: बदल आकड्यातच होईल असं नाही, यादीत नसलेलं रसायन उद्या यादीत येऊ शकतं.

दुसरं उदाहरण क्लोरपायरीफॉसचं. युरोपने 2020 मध्ये त्याची मान्यता संपवली आणि 13 नोव्हेंबर 2020 पासून त्याची मर्यादा किलोला 0.01 मिलिग्रॅमवर आणली. हा 0.01 आकडा युरोपच्या कायद्यात मूळ मर्यादा म्हणूनही आहे. ज्या रसायनाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला हीच लागते. म्हणजे नियमांच्या तक्त्यात "यादीत सापडलं नाही" या ओळीलाही स्वतःचं उत्तर हवं.

यावर खरेदीदारांचे स्वतःचे नियम. जर्मनीतल्या काही सुपरमार्केट साखळ्या कायद्याच्या मर्यादेच्या एकतृतीयांशावरच थांबवतात, आणि एका नमुन्यात एकूण किती वेगवेगळी रसायनं सापडली तर चालेल यावरही बंधन घालतात. कोणी 16 मिलिमीटरचा मणी घेतो, कोणी 18. पुण्याच्या मांजरीतलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र शिफारशीतल्या रसायनांची यादी हंगामागणिक अद्ययावत करतं. त्यात प्रत्येकाचा पीएचआय असतो, म्हणजे शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस गेले पाहिजेत तो आकडा. अपेडा या केंद्राच्या निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर प्लॉटची नोंदणी आणि लॅबचा रिपोर्ट होतोच, त्याला पर्याय उभा करण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता पॅकहाऊसच्या आत, रोज संध्याकाळी, कोणता लॉट, म्हणजे मालाची कोणती खेप, कुठल्या खरेदीदाराला जाऊ शकतो ते ठरवण्याचा.

जुन्या कोडमध्ये प्रत्येक रसायनाला डेटाबेसमध्ये एक कॉलम होता. नवीन रसायन आलं की कॉलम वाढवायचा, डेटाबेसची रचना बदलणारं मायग्रेशन चालवायचं, फॉर्म बदलायचा, आणि जिथे जिथे तुलना केली आहे तिथे एक जर-तर घालायचा. एकच मर्यादा तीन फायलींत लिहिलेली होती. मालक दरवर्षी डेव्हलपर शोधत होते त्याचं कारण हे.

आधी कोणी काय केलं होतं

वापरणाऱ्याला वर्कफ्लो, म्हणजे कामाची वाट, रचू देणं ही कल्पना जुनी आहे. झोप (Zope) या पायथनच्या वेब सर्व्हरवर चालणाऱ्या प्लोन (Plone) या प्रणालीत ब्राउझरमधूनच स्थिती, संक्रमणं आणि परवानग्या बदलता येतात. पीएचपीच्या सिम्फनी फ्रेमवर्कने 3.2 आवृत्तीत वर्कफ्लोचा घटक आणला. तो पेट्री नेटच्या, म्हणजे समांतर चालणारी कामं मांडायच्या आकृतीच्या, गणितावर उभा आहे, त्यामुळे एक वस्तू एका वेळी दोन ठिकाणी असू शकते. मुंबईच्या फ्रॅपे या फ्रेमवर्कमध्ये वर्कफ्लो हा सरळ एक फॉर्म आहे: कोणत्या स्थितीतून, कोणत्या कृतीने, कोणत्या स्थितीत, कोणत्या भूमिकेने, आणि हवी तर एक अट. आम्ही फ्रॅपेवर बराच वेळ घालवला. रचना नेटकी आहे आणि पुढे आम्ही तिच्याकडून बरंच घेतलं. पण तिथे अट पायथनच्या ओळीत लिहायची असते. डेव्हलपरला ते सोयीचं आहे, मॅडमना नाही. शिवाय चालती प्रणाली जँगोवर होती, ती हंगामाआधी उचलून दुसरीकडे नेणं आम्हाला पटलं नाही.

ओडू या व्यवसाय सांभाळायच्या सॉफ्टवेअरचं उदाहरण उलट बाजूचं. त्यांच्याकडे वर्कफ्लोचं सर्वसाधारण इंजिन होतं, ते 11 व्या आवृत्तीत काढून टाकलं आणि स्थितीचं साधं फील्ड आणि कोडमधल्या साध्या पद्धती यांवर ते परतले. इंजिन ठेवायला किंमत पडते, आणि एवढ्या मोठ्या प्रकल्पाने ती मोजून बाजूला होणं पसंत केलं, हे आम्ही बैठकीत मालकांसमोर मांडलं.

ड्रूल्ससारखी पूर्ण नियम-इंजिनं आम्ही लगेच बाजूला ठेवली. चार्ल्स फोर्जींचं रीट अल्गोरिदम हजारो नियम आणि सतत बदलणारी तथ्यं यांसाठी आहे. इथे एका लॉटला लागणारे नियम काहीशे. साध्या लूपने ते पापणी लवायच्या आत तपासून होतात.

तक्ता, आणि तक्त्यातली रिकामी जागा

नियम लिहायची भाषा कोणती असावी, यावर आम्ही सर्वात जास्त बोललो. मॅडम आधीपासून एक्सेलमध्ये तक्ता ठेवत होत्याच: रसायन, बाजारपेठ, मर्यादा. त्याच आकाराचा निर्णय-तक्ता आम्ही घेतला. ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या डीएमएन या निर्णय मांडायच्या मानकात, ज्याची पहिली आवृत्ती 2015 ची, अशा तक्त्यांची रीत नीट मांडली आहे. त्यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे एकापेक्षा जास्त ओळी जुळल्या तर काय करायचं हे तक्त्यावरच लिहिलेलं असतं. रेसिड्यूच्या, म्हणजे मालात उरलेल्या रसायनांच्या, तक्त्याला आम्ही "सगळ्या जुळलेल्या ओळी गोळा करा" असं ठरवलं, कारण लॉट का अडला याची सगळी कारणं एकदम दिसली पाहिजेत. खरेदीदार निवडायच्या तक्त्याला "वरून पहिली जुळेल ती". आणि प्रत्येक तक्त्याला शेवटची "काहीच जुळलं नाही तर" ओळ सक्तीची केली. ती नसेल तर तक्ता जतनच होत नाही.

अटी मजकूर म्हणून न ठेवता पोस्टग्रेस या डेटाबेसच्या जेसनबी कॉलममध्ये झाडाच्या रूपात ठेवल्या. स्क्रीनवर मॅडमना फील्ड, तुलना आणि किंमत अशा तीन निवडी दिसतात. पायथनचं इव्हॅल कुठेही नाही. वापरणाऱ्याने लिहिलेला मजकूर सर्व्हरवर कोड म्हणून चालवणं म्हणजे सर्व्हरची किल्ली देणं, आणि तो वापरणारा कितीही विश्वासाचा असला तरी त्याचा पासवर्ड कोणाच्या हाती जाईल याची खात्री कोणी देत नाही. आकडे सगळे डेसिमलमध्ये, म्हणजे दशांश आकडा जसाच्या तसा ठेवणाऱ्या प्रकारात. बायनरी फ्लोटमध्ये 0.01 नेमका बसत नाही, त्याने तुलना करून कंटेनरचा निर्णय घेऊ नये.

मग आली रिकामी जागा. लॅबच्या रिपोर्टमध्ये पुष्कळ रसायनांपुढे आकडा नसतो, "बीएलक्यू" लिहिलेलं असतं, म्हणजे मोजता येईल त्या पातळीच्या खाली. काही रसायनं रिपोर्टमध्ये नसतातच, कारण ती तपासलेली नसतात. जुन्या कोडमध्ये दोन्ही ठिकाणी शून्य भरलं जायचं. 2010 मध्ये फसगत झाली ती नेमकी या दुसऱ्या जागेवर: न तपासलेलं आणि न सापडलेलं यांत फरक राहिला नाही. म्हणून आमच्या इंजिनात प्रत्येक अटीची तीन उत्तरं आहेत: बसतं, बसत नाही, माहीत नाही. बीएलक्यू आलं तर लॅबची मोजणीची पातळी मर्यादेच्या खाली आहे का ते बघून "बसतं" म्हणायचं. रसायन रिपोर्टमध्येच नसेल तर "माहीत नाही". आणि "माहीत नाही" असलेला लॉट पुढे जात नाही, तो मॅडमच्या टेबलावर येऊन थांबतो. इंजिनातला हा भाग मला सर्वात मोलाचा वाटतो, आणि बाहेरच्या कोणत्याही तयार लायब्ररीने तो आयता दिला नसता, कारण रिकाम्या जागेचा अर्थ त्या धंद्यातल्या माणसालाच ठाऊक असतो.

नावांचा गुंताही इथेच सुटला. बागायतदार डायरीत दुकानातल्या बाटलीवरचं नाव लिहितात. डाऊनी (केवडा) रोगासाठी मेटॅलॅक्झिल-एम आणि मॅन्कोझेबचं तयार मिश्रण मारलं तर एका फवारणीतून दोन रसायनांचे दोन पीएचआय सुरू होतात. लॅब मात्र मॅन्कोझेब वेगळं दाखवत नाही. तो सगळा गट डायथायोकार्बामेट म्हणून, कार्बन डायसल्फाइडच्या मापात येतो. ही जुळणी नियमांच्या तक्त्यात घातली असती तर प्रत्येक ओळ तीन नावांनी लिहावी लागली असती. म्हणून नावांचा कोश वेगळा ठेवला. नियमाला फक्त घटकाचं नाव माहीत असतं.

वाट जुनी, मर्यादा त्या तारखेची

आता कामाची वाट. नोंद, पीएचआय तपासणी, नमुना, रिपोर्ट, तोडणीस मंजुरी, पॅकिंग, प्रीकूलिंग, कंटेनर, आणि मधूनच कुठूनही "थांबवला". प्रत्येक संक्रमणाला एक भूमिका, म्हणजे जँगोचा ग्रुप, आणि हवे असतील ते निर्णय-तक्ते जोडलेले. मॅडमना यात पायरी घालता येते, काढता येते.

पायरी काढली आणि त्या पायरीवर लॉट उभे असले तर? जिरा (Jira) ही कामांचा माग ठेवणारी प्रणाली अशा वेळी जुन्या स्थितींची नव्या स्थितींशी जुळणी करून मागते. आम्ही प्रत्येक वाटेला आवृत्ती दिली. लॉट ज्या आवृत्तीवर सुरू झाला, त्याच आवृत्तीवर संपतो. प्रीकूलिंगमध्ये असलेल्या मालाला, काल नवीन आलेल्या तोडणीपूर्व पायरीसाठी मागे पाठवण्यात काही अर्थ नसतो.

नियमांचं तसं नाही. मर्यादा बदलली तर ती वाटेतल्या मालालाही लागते. वाट आणि मर्यादा यांना एकाच आवृत्तीत बांधलं असतं तर हंगामाच्या मध्यात आलेली नवी मर्यादा जुन्या लॉटना कधीच लागली नसती, आणि स्क्रीनवर सगळं हिरवं दिसलं असतं. म्हणून नियमाच्या प्रत्येक ओळीला "या तारखेपासून, या तारखेपर्यंत" दिलं.

पण कोणती तारीख? एका लॉटला फवारणीची तारीख असते, नमुन्याची, तोडणीची, पॅकिंगची, न्हावा शेवाहून जहाज सुटण्याची आणि तिकडच्या बंदरात उतरण्याची. पीएचआय मोजला जातो तोडणीपर्यंत. युरोपची मर्यादा बदलताना कायद्यात बहुधा लिहिलेलं असतं की अमुक तारखेआधी आयात झालेल्या मालाला जुनी मर्यादा चालेल, आणि कधी अशी सवलत नसतेही. म्हणजे मोजायची ती उतरण्याची तारीख, जी पॅकिंगच्या वेळी फक्त अंदाजाने माहीत असते. 2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. 2024 च्या हंगामात जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास साधारण 10 ते 14 दिवसांनी लांबला. मर्यादा जर त्या दिवसांत बदलणार असेल, तर इथून नियमात बसणारा डबा तिथे पोहोचेपर्यंत नियमाबाहेर गेलेला असतो.

म्हणून तक्त्यावर आणखी एक निवड ठेवली: "हा नियम कोणत्या तारखेवर तपासायचा". उतरण्याची अंदाजे तारीख बदलली की त्या कंटेनरच्या सगळ्या लॉटची तपासणी पुन्हा होते. आणि प्रत्येक निकालासोबत नियमाच्या कोणत्या ओळी, कोणत्या तारखेला, कोणत्या आकड्यांवर लागल्या हे गोठवून साठवलं जातं. पुढे कोणी तक्ता बदलला तरी तो जुना निकाल तसाच वाचता येतो. खरेदीदाराचा माणूस तपासणीला आला आणि "हा लॉट तुम्ही का सोडला?" असं विचारलं, तर त्या दिवशीचं उत्तर त्या दिवशीच्या आकड्यांत दाखवता यायला हवं. नियम बदलता येणं पॅकहाऊसने मागितलं होतं. हे त्यांनी मागितलं नव्हतं, पण याच्याशिवाय पहिली गोष्ट देणं धोक्याचं होतं असं माझं ठाम मत आहे.

एकच दार

जँगोच्या बाजूने एक गोष्ट कठोरपणे पाळावी लागली. स्थितीचं फील्ड कोणीही थेट बदलू शकला तर इंजिनाला अर्थ उरत नाही. सिग्नलवर, म्हणजे नोंद जतन झाली की जँगो आपोआप देतो त्या इशाऱ्यावर, भिस्त ठेवून चालत नाही, कारण जँगोत क्वेरीसेटवरचं, म्हणजे अनेक नोंदींवर एकदम चालणारं, अपडेट चालवलं की सेव्ह ही पद्धतही चालत नाही आणि सिग्नलही सुटत नाहीत. म्हणून संक्रमणाचं एकच फंक्शन. ते आधी लॉटची ओळ कुलूपबंद करतं, म्हणजे दोन सुपरवायझरनी एकाच वेळी बटण दाबलं तर दुसरा थांबतो. मग भूमिका बघतं, तक्ते चालवतं, निकाल साठवतं आणि स्थिती बदलतं. बागायतदाराला जाणारा एसएमएस डेटाबेसमधला व्यवहार पक्का झाल्यानंतरच सुटतो. व्यवहार मागे फिरला आणि "तोडणी मंजूर" असा निरोप आधीच गेला, तर सकाळी सहाला बागेत मजूर उभे राहतात. ॲडमिन पानावर ते फील्ड फक्त वाचायला ठेवलं, आणि खाली डेटाबेसमध्येही पहारा बसवला.

तक्ता प्रसिद्ध करताना

तक्त्यातला बदल आधी मसुदा म्हणून राहतो. मसुद्यावर "मागच्या हंगामावर चालवून बघा" हे बटण आहे. त्याने जुने लॉट नव्या नियमांतून जातात आणि फक्त ज्यांचा निकाल बदलला तेवढेच समोर येतात. एका खरेदीदाराने एकतृतीयांशाची अट पाठवली तेव्हा मॅडमनी ती स्वतः टाकली आणि हे बटण दाबलं. यादी लांबलचक आली. चूक झाली असेल असं वाटून त्यांनी फोन केला. चूक नव्हती. ती अट खरोखरच तेवढी कडक होती. मालकांनी यादी बघून तिथल्या तिथे ठरवलं की त्या खरेदीदारासाठी वेगळे प्लॉट फळछाटणीपासूनच राखून ठेवायचे आणि त्यांचं फवारणीचं वेळापत्रक वेगळं करायचं. बागेचा निर्णय ऑक्टोबरात होऊ शकला, एरवी तो मार्चमध्ये लॅबच्या रिपोर्टने केला असता.

मसुदा लिहिणाऱ्याने तो स्वतःच प्रसिद्ध करायचा नाही, ही अटही ठेवली. हंगामात ती जाचते. पॅकहाऊसचे सुपरवायझर एकदा म्हणाले, "मॅडम हायत की समोर, मग परत साहेबांची सही कशाला?" मालकांनी मात्र ती काढू दिली नाही. एका शून्याच्या चुकीने 0.01 चं 0.1 होतं, आणि ते दुसऱ्या डोळ्यांनाच दिसतं.

कुठे थांबलो

खरेदीदारांचे सगळे नियम तक्त्यात बसले नाहीत. "सापडलेल्या रसायनांची संख्या" आणि "प्रत्येकाच्या मर्यादेच्या टक्क्यांची बेरीज" हे दोन हिशोब पूर्ण नमुन्यावर चालतात, एका ओळीवर नाही. मॅडमना बेरजा, लूप, चल असं सगळं देता आलं असतं. पण मग ती हळूहळू प्रोग्रामिंगची भाषाच झाली असती, तीही चाचण्या नसलेली आणि चुका शोधायची साधनं नसलेली. म्हणून हे दोन्ही हिशोब कोडमध्ये लिहिले, त्यांना चाचण्या लावल्या, आणि तक्त्यात ते तयार फील्ड म्हणून दिले. मॅडम म्हणू शकतात, "रसायनांची संख्या इतक्यापेक्षा जास्त असेल तर अडवा." संख्या कशी मोजायची हे त्या ठरवत नाहीत. नवा हिशोब लागला तर आम्हाला फोन येतो, आणि तो यावाच.

पेट्री नेटसारखी समांतर वाटही आम्ही घेतली नाही. नमुना लॅबमध्ये असताना प्लॉटची पाहणी वेगळ्या माणसाकडून चालू असते, तेव्हा तिची गरज भासते. सध्या पाहणी ही लॉटला जोडलेली वेगळी नोंद आहे आणि मंजुरीचा तक्ता ती पूर्ण आहे का एवढं बघतो. ही तडजोड आहे. बेदाण्याचं शेड याच प्रणालीत आणायचं मालकांच्या मनात आहे. तिथे एकाच लॉटची प्रतवारी, धुरी आणि कोल्ड स्टोरेजची पावती एकमेकांची वाट न बघता चालतात, तेव्हा हा प्रश्न परत उघडावा लागेल.